वॉशिंग सेंटरमध्ये बूम बसवताना

खंडेनवमीच्या दिवशी मुलुंड-घाटकोपरच्या एलबीएस मार्गावर काय किंवा अंधेरी-बोरिवलीच्या लिंक रोडवर काय, वॉशिंग सेंटरबाहेर रांग ठरलेली. दसऱ्याला हार घालायचा तर गाडी आदल्या दिवशी धुऊन हवी. मग ती रिक्षा असो, टेम्पो असो की घरची गाडी. आत धुणारी पोरं घाईत आणि प्रेशर पंपाचा पाइप सगळ्यांच्या पायात. चाक त्याच्यावरून जातं, आरशात तो अडकतो. सगळ्यांत वाईट म्हणजे फरशीवरची ओली रेती त्याला चिकटते आणि ओढताना तोच पाइप दारावर घासला की रंगावर बारीक ओरखडे उठतात. गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या दिवशी उन्हात दिसतात आणि बोल बसतो तो कपडा मारणाऱ्या पोराला.

पाइप जमिनीला लागूच द्यायचा नाही, यासाठी बूम असतो. छताला किंवा भिंतीला बसवलेला स्टीलचा आडवा हात. त्याच्या टोकाला पाइप लोंबतो आणि माणूस गाडीभोवती फिरेल तसा हात वर फिरतो. अमेरिकेत नाणी टाकून गाडी स्वतः धुण्याची जी केंद्रं आहेत, तिथे तो सर्रास दिसतो. आपल्याकडे गाडी धुणारा पगारी माणूस असतो, म्हणून हा खर्च चैनीचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. दिवसभर ओल्या फरशीवर वावरणाऱ्याच्या पायातून पाइप काढणं, हे नव्या फोम मशीनच्या आधी यायला हवं.

मात्र कॅटलॉग उघडण्याआधी टेप घेऊन आपला गाळा मोजावा. छताच्या मधोमध बसणारा, पूर्ण गोल फिरणारा बूम साधारण १.८ मीटर लांबीचा धरला, तर त्याचं टोक ३.६ मीटर व्यासाचं वर्तुळ काढतं. म्हणजे गाळा निदान ४ मीटर रुंद हवा. उपनगरात १० फुटी गाळे कितीतरी. तिथे भिंतीपासून थोडी जागा सोडली की हात १.३५ मीटरच्या पुढे नेता येत नाही. छोट्या गाडीच्या दोन्ही बाजूंना एवढा हात पुरतो. पण ४ मीटर लांबीच्या गाडीच्या पुढे-मागे पाइप बॉनेटवर आणि डिकीवर टेकू लागतो, आणि टाळायचं नेमकं तेच होतं. अशा गाळ्यात दोन्ही भिंतींवर एकेक, अर्धगोल फिरणारा बूम बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. खालून चिखल काढायला आपण गाडी हायड्रॉलिक लिफ्टवर चढवतो. दीड मीटर उंचीची गाडी दीड मीटर उचलली की तिचं टप ३ मीटरवर जातं. बूम जर २.७ मीटरवर असेल तर तो थेट टपावर आदळणार. लिफ्ट असलेल्या गाळ्यात मधोमध बूम नकोच. तिथे भिंतीवरचाच घ्यावा, आणि गाडी वर जाण्याआधी हात भिंतीला लावून अडकवण्याची सोय करावी.

मग प्रश्न येतो तो टांगायचा कशाला. १.८ मीटरच्या टोकाला कुणी २० किलोच्या जोराने पाइप खाली ओढला, तर बोल्टांमधलं अंतर २० सेंटिमीटर धरून, हाताच्या बाजूच्या बोल्टांवर १८० किलोच्या आसपास ताण येतो. आरसीसी स्लॅबमध्ये नीट बसवलेले अँकर बोल्ट तो पेलतात. पत्र्याच्या शेडचा अँगल पेलेलच असं नाही. तिथे दोन खांबांवर वेगळा गर्डर टाकावा लागतो. बूम ज्या प्लेटवर बसतो ती लेव्हलमध्ये हवी, हे फिटर बरेचदा सोडून देतात. ती जरा कलली तरी हात सोडल्याबरोबर उताराच्या बाजूला सरकतो, आणि धुणारा दिवसभर त्याला उलटा ओढत राहतो.

बूमचं खरं आयुष्य मात्र स्विव्हलवर, म्हणजे फिरणाऱ्या सांध्यावर असतं. पंप १०० ते १५० बारवर चालतो आणि त्या दाबाचं पाणी या सांध्यातून फिरत जातं. घेताना पाणी चालू असतानाच हात फिरवून पाहावा. कोरडा फिरतो तो दाबाखालीही हलका फिरेलच असं नसतं. त्यात आपली हवा खारी आणि खाडीकडच्या पट्ट्यात बोअरिंगचं पाणीही बरेचदा मचूळ. त्यामुळे ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्यावं. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला जास्त टिकतं. ५ जून २०२४ पासून मुंबईत १० टक्के पाणीकपात होती. अशा दिवसांत सेंटर टँकर-बोअरिंगवर जातं आणि त्या पाण्यातली बारीक रेती स्विव्हलमधल्या ओ-रिंग खाते. पंपाआधी फिल्टर लावला नाही तर सांधा गळायला वेळ लागत नाही.

पाइप आता डोक्यावर आहे, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि तो फुटला तर धार अंगावर येते. एवढ्या दाबाची धार जवळून कातडी फाडून आत शिरते. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. पाइप वाकतो ती टोकाजवळची वीतभर जागा दर आठवड्याला स्टुलावर चढून पाहावी. रबर सोलून आतली तारेची जाळी दिसू लागली असेल तर पंप बंद करून पाइप त्याच दिवशी बदलावा. ओ-रिंगचा एक जादा संच गल्ल्यात असू द्यावा. खंडेनवमीला रांग लागलेली असताना तो आणायला दुकान उघडं सापडेलच असं नाही.