गाडीचा श्वास

दसऱ्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू मिळाले, की मोटारसायकल ही घरातलीच एक व्यक्ती होऊन बसते. मग तिच्या खोकल्या-पडशाची काळजीही घरच्यांनाच करावी लागते. आमच्या कर्जत-खालापूर भागात तर हे दुखणे फार ओळखीचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव, त्यामुळे पुण्याकडे निघालेली बहुतेक तरुण मंडळी जुन्या रस्त्याने खोपोलीवरून घाट चढतात. त्यांपैकी पुष्कळांच्या गाड्यांना कंपनीचा हवेचा फिल्टर नसतो. तो काढून बाजारातला शंकूच्या आकाराचा, उघडा फिल्टर लावलेला असतो. त्याने आवाज भारदस्त होतो आणि गाडी ‘मोकळा श्वास घेते’, असे म्हणतात.

मी कॉलेजात मराठी शिकवते. यंत्राशी माझा संबंध मिक्सरपुरताच. परंतु गेल्या मे महिन्यात डोंबिवलीचा भाचा आपल्या वडिलांची जुनी बुलेट घेऊन आमच्याकडे आला आणि दुसऱ्या दिवशी आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मागे बसवून लोणावळ्याला निघाला. शिंगरोबाच्या घाटात ऐन चढावावर गाडीने दम टाकला. इंजिन भाजून निघालेले, मागे ट्रकांची रांग, आणि ताई पदराने घाम पुशीत रस्त्याच्या कडेला उभी! एका टेम्पोवाल्याने माणसे आणि गाडी खोपोलीला आणून सोडली. निरोप येताच मी तिथल्या मिस्त्रींच्या गॅरेजात जाऊन पोहोचले.

मिस्त्रींनी आधी काहीच खोलले नाही. फिल्टरकडे पाहून भाच्याला एवढेच विचारले, “जेट बदलला का?”

“नाही काका. दुकानदार म्हणाला, नुसता लावला की झालं.”

“दुकानदार घाट चढत नाही, बाळा.”

मग त्यांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. त्याचे टोक पांढरेफटक होते. “हे बघा मॅडम, गाडी उपाशी आहे.”

इंजिनाचा स्वयंपाक असा असतो. पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. भाताला पाणी कमी पडले की तो करपतो, तसेच पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते. हे प्रमाण कार्बोरेटर राखतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि पितळी जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. जुन्या फिल्टरचा अडथळा लक्षात घेऊनच कंपनीने त्या भोकाचे माप ठरवलेले असते. अडथळा कमी केला की हवा सहज येते, पण पेट्रोलची ओढ कमी होते. मिश्रण पातळ पडते. सपाटीवर हे कळत नाही. चढावर, दोन माणसांच्या भाराखाली कळते. दुर्लक्ष केले तर पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते, आणि धावत्या गाडीचे चाक अचानक अडकणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

मिस्त्रींनी पुढे जे केले त्यात घाई नव्हती. आधी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला सांधा कुठे हवा घेत नाही ना, ते पाहिले. मग मोठा जेट एक नंबराने वाढवला. पूर्ण मूठ पिळली की त्याचेच राज्य. पाली रस्त्यावर गाडी पळवून आणली आणि पुन्हा प्लग पाहिला. मधल्या वेगासाठी सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली. त्यामुळे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. शेवटी, इंजिन गरम असताना, हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड वळण बाहेर घेतला आणि तिथून पाव-पाव वळणाने, कान लावून, गाडी संथ व एकसुरी बोलेपर्यंत फिरवला. एका वेळी एकच बदल, हा त्यांचा नियम. दोन केले तर गुण कशाने आला ते कळत नाही! तिसऱ्या फेरीला प्लगचे टोक बिस्किटाच्या रंगाचे झाले. ते काळेकुट्ट झाले असते, तर पेट्रोल जास्त झाले असे समजायचे.

“लोणावळ्यालाच नेऊन का नाही लावली?” मी विचारले. त्यांचे उत्तर ऐकण्याजोगे होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडे उंच. खोपोलीपेक्षा तिथली हवा शेकडा पाचेक टक्के विरळ. खाली जुळवलेली गाडी वर गेली तर पेट्रोल किंचित जास्त होईल. फार तर धूर काढील. पण वर जुळवलेली गाडी खाली आली की पुन्हा उपाशी! म्हणून पायथ्याशी जुळवावे. डिसेंबरातल्या पहाटे थंड हवा दाट असते, तेव्हाही हाच हिशेब.

आणखी दोन गोष्टी त्यांनी भाच्याला बजावल्या. उघडा फिल्टर आमच्या पावसात भिजतो आणि खाणीच्या धुळीत लवकर तुंबतो, म्हणून तो वरचेवर साफ करायला हवा. शिवाय काही गाड्यांच्या कार्बोरेटरमधली झडप हवेच्या ओढीवरच वरखाली होते. त्यांना असला फिल्टर बहुधा मानवत नाही. ताकद तर साध्या गाडीत नावापुरतीच वाढते. भाच्याने आठवडाभर विचार केला आणि जुना फिल्टर, जुना जेट परत बसवून घेतला. सुईची क्लिपही पूर्वीच्या खाचेत गेली. ताईचा जीव भांड्यात पडला.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण नियमांमुळे नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. तिथे हा हिशेब संगणक करतो. परंतु वडिलांची, काकांची आठवण म्हणून जपलेल्या जुन्या गाड्या अजून घरोघरी आहेत. यंदा दिवाळीत तुमच्या मुलाने तिच्यासाठी नवा फिल्टर आणला, तर रागावू नका. मात्र घाटाकडे निघण्यापूर्वी त्याला एवढे जरूर विचारा, “जेट बदललास का रे?”