कॅमेरा जुना, प्रश्न फिल्मचा

फिल्मचे जुने कॅमेरे पुन्हा हातोहाती फिरू लागले आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात विशी-पंचविशीतली मुले ते डोळ्याला लावून पाहतात, शटर दाबतात आणि ‘खट्’ असा आवाज आला की पैसे मोजतात. त्या आवाजावरून फार थोडे कळते. कॅमेरा उत्तम निघाला तरी त्याचा खरा फायदा-तोटा ठरतो तो आत भरलेल्या फिल्मवर आणि पुढे त्या निगेटिव्हचे आपण काय करतो यावर.

आधी कॅमेऱ्याविषयी. शटरची परीक्षा घ्यायची ती संथ वेगांवर, म्हणजे १ सेकंद आणि १/८ सेकंदावर. आतले वंगण घट्ट झाले असेल तर तिथेच ते अडखळते. लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. ती काचेवरचा लेप खाते आणि खाल्लेला लेप पुसण्याने परत येत नाही. मागच्या झाकणाचा फोम चिकट झाला असेल तर फोटोवर प्रकाशाचे पट्टे उमटतात. ही दुरुस्ती मात्र किरकोळ आहे.

लाइट मीटरची गोष्ट वेगळी. १९६० आणि ७०च्या दशकांतले अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. आजचा १.५ व्होल्टचा सेल आत बसतो खरा, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटर मग चुकीचा आकडा दाखवते. म्हणून नवशिक्याला मी पेंटॅक्स के १००० सुचवतो. तो १९७६ ते १९९७ बनत होता. त्याला सेल लागतो तो फक्त मीटरसाठी; शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल संपला तर जुना ठोकताळा आहेच : कडक उन्हात अॅपर्चर १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याच्या जवळचा. म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला १/१२५.

फिल्म आणि डिजिटल यांचा स्वभावही उलटा. डिजिटलमध्ये प्रकाश जास्त झाला की पांढऱ्या साडीचा पोत कायमचा जातो. निगेटिव्ह जास्त प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश मात्र सोसत नाही. सावलीतला चेहरा तिने टिपलाच नसेल तर प्रिंट काढणाराही काही करू शकत नाही. ज्याला हे कळले त्याचे रोल कमी वाया जातात. खर्चाबद्दल एवढेच सांगतो की रोल, धुलाई आणि स्कॅन यांची बेरीज ३६ने भागून पाहावी. तो आकडा कळला की माणूस शटर दाबण्यापूर्वी थांबतो. हा तोटा की फायदा, ज्याने त्याने ठरवावे.

‘फिल्म शंभर वर्षे टिकते’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कृष्णधवल फिल्मवर चांदीचे कण असतात. ती नीट धुतलेली आणि कोरड्या, थंड जागी ठेवलेली असेल तर दीर्घकाळ टिकते. रंगीत फिल्मवर असतात रंगद्रव्ये. ती अंधारातही हळूहळू फिकी होतात. शिवाय अॅसिटेटची फिल्म दमट उष्णतेत कुजू लागते आणि डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कोकणातल्या घरांत हा धोका अधिक. असा वास आला तर ते रोल आधी बाकीच्यांपासून वेगळे करावेत, कारण त्या वाफेने शेजारची फिल्मही बिघडते.

रसायनाचे परावलंबित्व हा सर्वांत मोठा तोटा. कोडाक्रोम ही नावाजलेली रंगीत फिल्म १९३५मध्ये आली आणि २००९मध्ये बंद झाली. तिची धुलाई इतकी खास होती की अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी उरलेल्या शेवटच्या लॅबने २०१०च्या अखेरीस काम थांबवले, तेव्हा जगभर न धुतलेल्या रोलमधले रंग तिथेच संपले. आता त्यातून फार तर कृष्णधवल चित्र निघते. साधी कृष्णधवल फिल्म मात्र घरच्या न्हाणीघरातही धुता येते.

स्थानिक इतिहासासाठी घराघरांतले फोटो गोळा करताना मला निगेटिव्हचे मोल कळले. वाळवीने अल्बम खाल्लेला असतो, पण डब्यातली निगेटिव्ह शाबूत असते. ती वाचायला यंत्र लागत नाही. खिडकीशी धरली की आजी ओळखू येते. पट्टीवर क्रम राहतो आणि फसलेले फोटोही राहतात. हललेल्या एका फोटोत पुढे पाडलेल्या वाड्याचा दिंडी दरवाजा सापडतो. फोनवर तो फोटो तेव्हाच पुसला गेला असता.

आणि आज? अनेक हौशी लोक लॅबकडून मोबाइलवर स्कॅन मागवतात आणि निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. काही महिन्यांनी लॅब ती टाकून देते. फिल्मचा सगळा खर्च सोसून हाती उरते ती पुन्हा एक डिजिटल फाइलच. निगेटिव्ह मागून घ्या, कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने तारीख, गाव, माणसांची नावे लिहा. हे लिहिणे आपल्यालाच करावे लागते. जुन्या कॅमेऱ्याला तुमची आत्या कोण हे ठाऊक नसते.