ठिपके आणि रेषा : लेखांक ९ – अंबडपाशी पालट

गेल्या आठवड्यात आपण जालना जिल्ह्याचे आठ तालुके रंगवले. तालुका म्हणजे ठिपका, सामाईक शीव म्हणजे रेषा, आणि शीव लागली की रंग वेगळा. असं ठिपक्या-रेषांचं जाळं म्हणजे आलेख. आज या रेषांना अधिक-उणे चिन्हं द्यायची आहेत. कागद-पेन्सिल घेऊन बसा, नुसतं वाचून हे हाती लागत नाही.

जालना, बदनापूर आणि अंबड यांच्या शिवा एकमेकींना लागतात. तीन ठिपक्यांचा त्रिकोण काढा. रंगांच्या जागी आकडे घेऊ : +१, −१ आणि गरज पडली तर ०. अधिक रेषेच्या दोन टोकांवर सारखा आकडा नको. उणे रेषेच्या एका टोकाच्या आकड्याचं चिन्ह पालटून येणारा आकडा दुसऱ्या टोकावर नको. म्हणजे तिथे +१ समोर −१ चालत नाही. हे नियम गणितज्ञ थॉमस झास्लाव्स्की यांनी १९८२ मध्ये मांडले.

तिन्ही रेषा अधिक असल्या तर तीनही आकडे खर्ची पडतात. तिन्ही उणे असल्या तर सगळीकडे +१ लिहा, झालं काम!

आता त्या उणे त्रिकोणात अंबडला येणाऱ्या दोन्ही रेषांची चिन्हं बदला आणि अंबडवरचा +१ पुसून −१ लिहा. ताडून पाहा, एकही नियम मोडत नाही. याला पालट म्हणू. चित्र बदललं, पण तीन चिन्हांचा गुणाकार आधी उणे होता, आताही उणेच आहे, कारण पालटात त्रिकोणाच्या दोन रेषा एकदम बदलतात. या विषयाचा गाभा मला इथेच दिसतो : एकेकट्या रेषेच्या चिन्हाला फारसा अर्थ नाही, अर्थ आहे पूर्ण फेऱ्याच्या चिन्हाला. म्हणूनच चिन्हांच्या आलेखांत होमोमॉर्फिझम म्हणजे एका आलेखाचे ठिपके दुसऱ्यावर असे बसवणं, की रेषेवर रेषा जाईल आणि प्रत्येक बंद फेऱ्याचं चिन्ह टिकेल. म्हणून अधिक त्रिकोण उणे त्रिकोणावर कधीच बसत नाही.

आता त्रिकोणाकडून पूर्ण नकाशाकडे वळू. साध्या नकाशाला चार रंग पुरतात, हे १९७६ मध्ये सिद्ध झालं. रेषांना चिन्हं दिलेल्या नकाशाला ±१, ±२ हे चार आकडे नेहमी पुरत नाहीत, हे गणितज्ञ कार्दोश आणि नारबोनी यांनी दाखवलं. त्यांचा लेख २०२१ चा.

पालटाचं सर्वांत सुंदर उदाहरण मात्र आपल्या घरचं आहे. नागपूरला शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभा करणारे शरदचंद्र श्रीखंडे यांचा आलेख १९५९ चा. तो असा मिळतो : चार बाय चारची चौकट घ्या, एकाच ओळीतली किंवा एकाच स्तंभातली घरं जोडा. मग कर्णावरची चार घरं निवडा. त्यांच्यापासून बाकीच्या घरांना जाणारी रेषा असेल तर पुसा, नसेल तर काढा. असलेली रेषा उणे, नसलेली अधिक मानली की हा आपला पालटच. प्रत्येक घराला आधी सहा रेषा होत्या, आताही सहाच आहेत. पण पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घराचे सहा शेजारी आधी दोन सुट्या त्रिकोणांत होते. आता त्याचे जे सहा शेजारी आहेत, ते एका षट्कोनात आहेत. पुढच्या रविवारपर्यंत तो षट्कोन स्वतः काढून पाहा.