दहात सात

डबा परत करायला गेले होते. दिवाळीत समोरच्या इमारतीतल्या काकूंनी चकल्या पाठवल्या होत्या आणि त्यांचा स्टीलचा डबा तीन आठवडे माझ्या ओट्यावर पडून होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात चार चिकू घातले. काकू गॅस बंद करायला आत गेल्या. मी दाराजवळच्या शिलाई मशीनवर हात टेकला, तर हाताखाली पेपर आणि पेपरवर हिरव्या काड्या. बोटाएवढ्या लांब, एकीशेजारी एक आडव्या टाकलेल्या. पाण्याचा थेंब नाही, मातीचा कण नाही. टाकून द्यायच्या राहिल्या असतील असं वाटून मी एक उचलली. काडीच्या पोटाला, जिथली पानं काढून टाकली होती तिथे, दोन फिकट गुलाबी धागे फुटले होते. केसाएवढे.

मुळं होती ती. पेपरवर, पंख्याखाली.

"अगं, ठेव ती," काकू आतून आल्या. "तिचा नंबर यायचाय अजून."

पुढचे दीड-दोन महिने मी दर शनिवारी सकाळी काकूंकडे गेले, ते त्या दोन धाग्यांमुळे. आणि थोडं अपराधीपणामुळेही. कारण त्या काड्या सेडमच्या होत्या, आणि आदल्या पावसाळ्यात मी सेडमचीच तीन झाडं मारली होती. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आणलेली, काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंड्यांत, नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली. "मॅडम, ह्याला काही करावं लागत नाही," असं तिथल्या मुलाने सांगितलं होतं. नेमकं तेच मला जमलं नाही. रोज सकाळी स्वतःचा चहा झाला की त्यांना पाणी. आषाढात एका सकाळी नुसता धक्का लागला आणि झाडावरची सगळी पानं घरंगळून खाली आली. देठ बुडाशी काळा पडून पिचपिचीत झालेला. आणि तो वास: कांदे-बटाट्याच्या टोपलीत तळाशी विसरलेल्या एका बटाट्याचा. तो वास कुंडी घासून ठेवल्यावरही हाताला होता, असं मला अजून वाटतं.

काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. एके काळी ट्रंक कॉल जोडायच्या. त्यांच्या पूर्वेकडच्या गॅलरीत तीन तऱ्हेची सेडम आहेत आणि तिघांना घरातली नावं आहेत. पिवळसर, जमिनीलगत पसरणारं 'सोनेरी'. उन्हात लाल होणाऱ्या गोळ्यागोळ्यांच्या पानांचं 'जेली'. आणि टांगलेल्या कुंडीतून दीड हात खाली लोंबणारी 'शेपटी', जिला नर्सरीत डाँकी टेल म्हणतात. ही शेपटी मूळची मेक्सिकोची. १९३८ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं, तेही रानात सापडलेल्या नव्हे, तिथल्या एका रोपवाटिकेतल्या झाडावरून. म्हणजे शास्त्राशी तिची ओळखच मुळी कुंडीतून झाली. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. तिला कुंडीच आवडते."

पहिल्या शनिवारी शेपटीची छाटणी होती. काकूंनी दाढीचं अर्धं ब्लेड स्पिरिटने पुसलं, एक लांब फांदी तळहातावर घेतली आणि चार बोटं मोजून कापली. कापणं एका क्षणात झालं. वेळ लागला तो पानं काढायला, आणि बघण्यासारखं तेच होतं. खालची आठ-दहा पानं एकेक करून काढायची. ओढायची नाहीत. चिमटीत धरून किंचित आडवं झुकवायचं, की 'टच' असा अगदी बारीक आवाज होतो आणि पान बुडासकट सुटतं. देठावर नखाच्या कोरेएवढी खूण राहते. मुळं येतात ती बहुतेक याच खुणांच्या आसपास. मी ओढून काढलेलं पहिलं पान मध्येच तुटलं. काकूंनी ते उजेडात धरून पाहिलं. "हे गेलं. बूड राहिलं ना तिकडे." बुडासकट निघालेली पानं मात्र काकू मिठाईच्या खोक्याच्या झाकणात गोळा करत होत्या. त्या प्रत्येक पानाच्या बुडाशी महिन्या-दीड महिन्यात मोहरीएवढं झाड बसतं.

शेपटीच्या पानांवर निळसर पांढरी साय असते. मेणाची असते ती, जांभळाच्या सालीवर असते तशी. बोट लागलं की पुसली जाते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. त्या कुंडीवर माझ्या बोटांचे ठसे अजून आहेत. काकूंच्या बोटांचे मला कुठे दिसले नाहीत.

दहा काड्या झाल्या. काकूंनी पेपरच्या कोऱ्या कडेला बॉलपेनने तारीख घातली आणि पेपर उचलून मशीनवर ठेवला.

"यातल्या किती लागतील?" मी विचारलं.

"दहात सात."

"नेहमी?"

"दहात सात धरायच्या. दहाच्या दहा लागतात म्हणणारा खोटं बोलतो."

कापलेली काडी अशी उघड्यावर पडून मरत कशी नाही, हे मला त्या शनिवारी कळत नव्हतं. गुलाबाची फांदी संध्याकाळपर्यंत मान टाकते. याचं उत्तर मला माहीत असायला हवं होतं, कारण ते आमच्या आजोळच्या परसात होतं. पानफुटी. तिचं पान आम्ही वहीत घालून ठेवायचो आणि चार-आठ दिवसांनी पानाच्या खाचांतून इवली रोपं निघालेली एकमेकांना दाखवायचो. पानफुटी मूळची मादागास्करची, पण कोकणात आता घरचीच झाली आहे, आणि सेडम तिच्याच कुळातलं. हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे किंचित कडवट. त्याचं तसं पत्र १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आलं. यामागचं कारण पुढे उलगडलं. या कुळातली बरीच झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून बसतात आणि रात्री गारव्यात ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. तो रात्रभर आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेड आला की त्याची साखर करायची. म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा छिद्रंच बंद, तर पाणी उडून जाणार कुठून? पेपरवरची काडी उपाशी नव्हती, शिदोरी पाठीला बांधून निजली होती.

तिला पाण्याची गरज नाही इतकंच नव्हे, पाणी तिला मारतं. ताजा काप म्हणजे उघडी जखम. ओल्या मातीत खोचली की बुरशी आणि जिवाणू तिथूनच आत शिरतात. म्हणून आधी खपली धरू द्यायची. ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. पावसाळ्यात आठवडा गेला तरी काप ओला राहतो, म्हणून जून ते सप्टेंबर काकू ब्लेडला हात लावत नाहीत. खपली धरली की नाही हे बोटाने बघतात असं मला वाटलं होतं. पण काकूंनी एक काडी उचलली आणि कापलेलं टोक खालच्या ओठाला लावलं. "बोटं झाली माझी जाड. ओठाला गार लागलं की कच्चं." मीही लावून पाहिलं. गार लागलं. त्यांनी दुसरी दिली, ती पेन्सिलीच्या मागच्या टोकासारखी, कोरडी. त्यानंतर घरी मी कशाकशाची टोकं ओठाला लावून पाहिली ते सांगत नाही.

मातीचं काम मला गमतीचं वाटलं, कारण ते सगळं स्वयंपाकघरातून आलेलं. जुनी पिठाची चाळणी, वरवंटा आणि वाटी. कुंडीतली जुनी माती एक वाटी, बांधकामावरची जाड वाळू एक वाटी, फुटक्या विटेचे वरवंट्याने केलेले तुकडे एक वाटी, कोकोपीट अर्धी वाटी. वाळू आणि वीट चाळून घ्यायची. मी सवयीने चाळणीखालचं वाटीत भरायला गेले तर काकूंनी हात धरला. "पिठाच्या उलट. वर राहील ते आपलं, खाली पडेल ते टाकायचं." बारीक भुकटी पाणी धरून ठेवते, खड्यांमधून ते निघून जातं. आइस्क्रीमच्या डब्यांना तापल्या दाभणाने भोकं पाडलेली. त्यात हे मिश्रण भरायचं, काडेपेटीच्या काडीने आधी भोक करायचं, मग कटिंग उभं करायचं. सोनेरी उभं राहत नाही, लोळतं, म्हणून त्याला केसांच्या आकड्याने मातीशी टाचायचं. झालं. पाणी नाही. चार-पाच दिवसांनी डब्याच्या कडेकडेने तीन चमचे.

रूटिंग पावडरबद्दल विचारलं. भाच्याने दिलेली डबी कपाटात होती, सील न तोडलेली. "गुलाबाला लागत असेल." यात मी काकूंच्या बाजूची आहे. कोवळ्या शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं द्रव्य फांदीतून खाली उतरत असतं. फांदी कापली की ते कापाशी येऊन साचतं आणि तिथल्या पेशींना मुळं धरायला लावतं. डबीत आहे ते त्याच जातीचं, बाहेरून दिलेलं. ज्या काडीला पेपरवर पडल्या पडल्या मुळं फुटतात तिला पुन्हा तेच विकत घेऊन चोपडायचं? पण मोबाईलवरचे बागकामाचे व्हिडिओ बघावेत तर पहिल्या मिनिटात पावडर, दुसऱ्यात कोरफड, तिसऱ्यात मध. काहीतरी लावल्याशिवाय आपण काही केलं असं आपल्याला वाटत नाही. तीन कुंड्या मारलेल्या बाईने हे लिहायला हरकत नसावी.

त्या घरात या उद्योगाला विरोधकही आहेत. काकांचा टॉवेल गॅलरीच्या आतल्या दोरीवर गेला आहे, त्याचा उल्लेख दर शनिवारी होतो. आणि केर काढायला येणाऱ्या मावशींनी एकदा मशीनवरचा पेपर काड्यांसकट गोळा करून खाली नेला होता. "वाळलेलं होतं ना ते," मावशी मला म्हणाल्या. मला त्यांचं पटलं. मीही तेच करणार होते.

तिसऱ्या शनिवारी काकूंनी माझा, म्हणजे त्यांचाच, डबा भरून दिला. खाली पेपर, वर दहा कटिंग्ज, खपली धरलेली. झाकण दिलं नाही. "बंद केलंस तर घाम येईल त्यांना." मी घरी तसंच सगळं केलं. चाळणी, वीट, चार दिवसांचा कोरडेपणा. फक्त नवव्या दिवशी मुळं आलीत का ते बघायला एक उपटलं. काही नव्हतं. परत खोचलं. अकराव्या दिवशी दुसरं. त्याला पांढरे बारीक कोंब होते आणि ते माझ्या बोटांतच मोडले. मग काळजीने थोडं पाणी.

पाच लागली. काकूंना सांगितलं.

"उपटून किती वेळा पाहिलंस?"

"दोन-तीनदा."

"हं." एवढंच. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्ही कॉल लावायचो ना, तेव्हा लोक दर पाच मिनिटांनी फोन करून विचारायचे, लागला का, लागला का. त्यांच्या विचारण्यानेच लाइन अडकून पडायची."

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी गेले तेव्हा काकू गॅलरीत डबे हुंगत होत्या. एकेक डबा उचलून नाकाशी न्यायचा आणि खाली ठेवायचा. कशाला, ते मला विचारावं लागलं नाही. मीही एक उचलला. ओल्या विटेचा वास, पहिल्या पावसात भिंतीला येतो तसा. बटाटा नव्हता.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर कापलेल्या शेपटीच्या दहा काड्या एकाच डब्यात होत्या, कडेला तीच तारीख. काकूंनी हाताची पाचही बोटं पसरून एकीवर ठेवली आणि किंचित वर केली. काडीबरोबर माती हलली, काडी सुटली नाही. टोकाला तांदळाच्या कणीएवढी नवी पानं, साय शाबूत. मग दुसरी, तिसरी. मी मागे उभी राहून मोजत होते. आठवी धरून होती. नववी जरा सैल वाटली, पण धरून होती. दहावीवरून काकूंनी हात पटकन काढून घेतला.

"काकू, दहाही!"

त्यांनी मागे वळून आधी काका पेपर वाचत होते तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सात म्हण," त्या हळू आवाजात म्हणाल्या.