शिबिरातील दोस्ती

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिराला गेलेली मुले परत आली, की वर्गातील बाकांवरच्या जागा बदलतात. वर्षभर एकत्र डबा खाणारे दोघे वेगळे बसतात. तंबूत शेजारी झोपलेला मुलगा जिवलग दोस्त झालेला असतो. जुन्या मित्राला वाटते, "हा असा कसा बदलला?"

मुलांनो, या बदलाचा अभ्यास मुजफ्फर शरीफ यांनी केला. त्यांचा जन्म तुर्कस्तानातला. पुढे ते अमेरिकेत मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४९ साली कनेक्टिकट राज्यातील एका उन्हाळी शिबिरात सुमारे १२ वर्षांची २४ मुले आली होती. आधी काही दिवस त्यांना मोकळे सोडले. मुलांनी आपापले मित्र निवडले. मग शरीफ यांनी दोन गट पाडले आणि जिवलग मित्रांची मुद्दाम ताटातूट केली. प्रत्येक गट वेगळा राहू लागला, वेगळा खेळू लागला. काही दिवसांनी विचारले, "तुझे दोस्त कोण?" तेव्हा बहुतेकांनी नव्या गटातलीच नावे सांगितली. जुन्या मित्राशी भांडण झाले नव्हते. फक्त सोबत सुटली होती.

१९५४ साली शरीफ यांनी ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह येथे दुसरे शिबिर भरवले. एकमेकांना न ओळखणारी २२ मुले दोन गटांत ठेवली. एका गटाने 'रॅटलर्स' म्हणजे विषारी साप असे नाव घेतले, दुसऱ्याने 'ईगल्स' म्हणजे गरुड. त्यांच्यात रस्सीखेच, बेसबॉल असे सामने लावले, बक्षिसे ठेवली. झाले! शिव्या सुरू झाल्या, झेंडे जाळले गेले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले झाले.

मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले. त्याने काहीच साधले नाही. मुलांनी एकमेकांवर अन्नच फेकले! पण शिबिराचे पाणी बंद पडले, तेव्हा सर्वांना मिळून दोष शोधावा लागला. जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा दोन्ही गटांनी त्याला दोर बांधून ओढले. हा दोर रस्सीखेचीचाच होता. अशी कामे वाढली, तसा राग हळूहळू ओसरला.

या अडचणी खऱ्या नव्हत्या. शरीफ आणि त्यांच्या सोबत्यांनीच त्या घडवून आणल्या होत्या आणि मुलांना याची कल्पना नव्हती. मुलांना असे फसवणे मला पटत नाही. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही.

शिबिर संपले तेव्हा बहुतेक मुलांनी सर्वांनी एकाच बसने घरी जाऊ, असा आग्रह धरला. वाटेत बस थांबली. रॅटलर्सजवळ एका खेळात जिंकलेले पाच डॉलर शिल्लक होते. त्या पैशांतून त्यांनी दुधाचे थंड पेय मागवले, ईगल्ससाठीसुद्धा.