काळोखाचा बंदोबस्त

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, सॉमरसेट आणि डेव्हन या दोन परगण्यांच्या सरहद्दीवर, एक्समूर नावाचा जो उंचसखल, विरळ वस्तीचा आणि समुद्रवाऱ्यांनी झोडपलेला मुलूख पसरला आहे, त्यावरील रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे पाहून वाचकाच्या मनात बहुधा एक शंका उभी राहते. हेदरच्या खुरट्या झुडपांनी झाकलेल्या टेकडीवर आकाशगंगेचा पट्टा उभा आहे, त्यात ठिकठिकाणी तांबूस ठिपके आहेत, क्षितिजालगत हिरवट झाक आहे. असे आकाश आपण तर कधी पाहिले नाही, मग हे चित्र खरे की निव्वळ कारागिरी? शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान करावयाचे तर आधी आपल्या डोळ्याचीच झडती घ्यावी लागते.

पूर्ण काळोखात अर्धा तास घालविल्यावर तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंदावते. २४ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग एफ/२.८ या छिद्रावर ठेवले, तर त्याचे प्रकाशद्वार साडेआठ मिलिमीटरच्या घरात जाते. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने कॅमेरा डोळ्याच्या दीडपटच प्रकाश आत घेतो. खरा भेद आहे तो काळाचा. डोळा अंधारात सुमारे दशांश सेकंदाचा प्रकाश एकत्र धरतो आणि पुढच्या क्षणाकडे वळतो. कॅमेऱ्यातील संवेदक मात्र वीस-वीस सेकंद थेंबे थेंबे तळे साचवीत राहतो. शिवाय मंद प्रकाशात नेत्रपटलातील ज्या दंडपेशी काम करतात त्यांना रंगभेद कळत नाही, आणि म्हणून आकाशगंगा आपणांस करडी दिसते. परंतु तेजोमेघांतील हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश आणि पृथ्वीच्या वातावरणात शंभरएक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंतून निघणारा ५५८ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश हे दोन्ही, आपण पाहू शकलो वा न शकलो तरी, तेथे असतातच. संगणकावर ते गडद करण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही हे खरे. पण गडद करणे निराळे आणि निर्माण करणे निराळे.

डोळ्याला न दिसणारे टिपण्याचे हे सामर्थ्य नवे नाही. १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची परावर्तक दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे जे छायाचित्र घेतले, त्यात दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे उमटले. आणि १८८९ पासून कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत एडवर्ड बर्नार्ड यांनी, मूळ माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी घडविलेल्या भिंगातून, आकाशगंगेची विस्तीर्ण चित्रे घेतली. तिच्यातील काळ्या भेगा म्हणजे रिकामी जागा नसून ताऱ्यांच्या आड आलेले धुळीचे मेघ आहेत, हा निष्कर्ष पुढे अशाच चित्रांतून निघाला. आजचा एक्समूरवरील हौशी छायाचित्रकार याच परंपरेचा वारस होय.

त्याच्यापुढील पहिली अडचण पृथ्वीच्या परिवलनाची. दर सेकंदाला आकाश १५ विकला सरकते. वीस सेकंदांत हे सरकणे ५ कलांचे होते, आणि २४ मिलिमीटरच्या भिंगामागे तारा संवेदकावर मिलिमीटरच्या सुमारे पस्तीस सहस्रांशाने हलतो. याहून अधिक वेळ घेतला की बिंदूची रेघ होऊ लागते. यावर तोड अशी की एकामागून एक अनेक चित्रे घ्यावीत, ती ताऱ्यांवर तारे बसतील अशी जुळवावीत आणि त्यांची सरासरी काढावी. १६ चित्रे एकत्र केल्यास यादृच्छिक दाणेदारपणा चतुर्थांशावर येतो. पण तारे जुळविले की जमीन फिसकटते, म्हणून भूभागाचे चित्र निराळे घेऊन जोडावे लागते. यात लबाडी नाही. मात्र जोडणी केली आहे हे चित्राखाली नमूद करणे हा या विद्येतील सचोटीचा भाग आहे.

दुसरी अडचण अक्षांशाची. एक्समूर ५१ अंश उत्तरेस असल्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मध्यरात्रीही क्षितिजाखाली १८ अंश जात नाही, आणि खरी खगोलीय रात्र होतच नाही. नेमक्या याच दिवसांत आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेस येते, तेही जेमतेम १० अंश उंचीवर. म्हणून ऑगस्टअखेरीची अमावास्या साधावी लागते, कारण तेव्हा काळोख परतलेला असतो आणि हेदरही जांभळ्या बहरात असते. उत्तरेकडे तोंड करून ध्रुवाभोवतीची ताऱ्यांची वर्तुळे टिपू पाहणाऱ्यास ब्रिस्टल खाडीपलीकडील दक्षिण वेल्सच्या शहरांचा उजेड आडवा येतो. आणि अटलांटिकवरून येणारी दमट हवा भिंगावर दव धरते ते वेगळेच.

तरीही लोक येथेच येतात, याचे कारण येथील काळोख होय. आणि तो केवळ निसर्गदत्त नाही. विपुल पाऊस, वालुकाश्मावरची आम्लधर्मी माती आणि पाणी धरून ठेवणारे पीटचे थर यांमुळे हा मुलूख नांगराला कधी फारसा वश झाला नाही. मध्ययुगात इंग्लंडच्या राजांनी त्याचा मोठा भाग शिकारीसाठी राखून ठेवला. १८१५ च्या कायद्याने ही राखण उठली आणि जॉन नाइट या कारखानदाराने राजाच्या वाट्याची जमीन विकत घेऊन शेतीचे मोठे प्रयत्न केले, तरी मोठे नगर येथे उभे राहिले नाही. १९५४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०११ साली युरोपातील पहिले आंतरराष्ट्रीय काळोख-राखीव क्षेत्र म्हणून एक्समूरची नोंद झाली. पूर्वी हरणांची राखण होती, आता अंधाराची आहे.

आपल्यालाही हे अशक्य नाही. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला असाच मान मिळाला. भारतातील हे पहिले काळोख-उद्यान. आपल्या अक्षांशावर आकाशगंगेचे केंद्र चाळीस अंशांच्या आसपास चढते आणि उन्हाळ्याच्या रात्रीही पुरत्या काळ्या असतात; एक्समूरच्या छायाचित्रकाराने हेवा करावा अशी ही देणगी आपण वर तोंड केलेल्या दिव्यांपायी घालवीत आहोत. तेव्हा गावाच्या, सोसायटीच्या वा शेतघराच्या दिव्याला वरून झाकण घाला, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावा, कारण निळसर प्रकाश हवेत अधिक विखुरतो, आणि काम संपताच तो मालवा. यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.