चाकात हवा आहे ना?

दोस्तांनो, हवा उतरलेली सायकल कधी दामटली आहे? पॅडल मारून पायांत गोळे येतात, पण सायकल आपली ढिम्म! घरच्या स्कूटरचं नि मोटारीचंही तसंच होतं. फक्त तिथे दमतं इंजिन, आणि जादा लागतं ते पेट्रोल.

असं का? चाक फिरताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो, सुटला की पुन्हा फुगतो. या दबण्याफुगण्यात रबर तापतं. ही उष्णता येते पेट्रोलमधूनच! हवा जितकी कमी, तितका टायर जास्त दबतो. मोटारीच्या चारही चाकांतली हवा एक पौंडाने उतरली, तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. किरकोळ वाटलं ना? पण महिन्याला साधारण पौंडभर हवा आपोआपच उतरते. सहा महिने कोणी बघितलंच नाही तर? शिवाय फार तापलेला टायर भर रस्त्यात फुटू शकतो, ही त्याहून मोठी काळजी.

आणि हो, हवा तपासायची ती टायर गार असताना. धावून तापलेल्या टायरचा आकडा फुगलेला दिसतो. किती भरायची, ते बहुतेक मोटारींत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. शोधा बरं!